कादरचाचांची गळकी मोटार

कादरचाचा अत्तारांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. सरळ पुढं झाले, माझ्या खांद्याजवळ नाक आणलं आणि म्हणाले, "मास्तर दिसताय. खडूचा वास हाय. सकाळी घरात फोडणी करपलीया, आन् त्यावरनं मालकीणबाईंशी दोन शब्द झाल्यात." आता खडूचं ठीक आहे. करपलेल्या फोडणीचंही एक वेळ समजू शकतो. पण भांडणाला वास असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चाचांचं म्हणणं, असतो. भांडून आलेला माणूस अंघोळ नीट करत नाही, नुसतं पाणी ओतून घेतो. माझं त्या दिवशी तेच झालं होतं, त्यामुळं पुढं वाद घालायला जागा उरली नाही.

शाहूपुरीत त्यांचं अत्तराचं दुकान, दुकानामागं घर आणि घराच्या अंगाला पत्र्याची शेड. समोरच्या माडीवर मी आणि माझी बायको भाड्यानं राहत होतो. महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. अर्थात ती शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं. पेठ नवीन होती. गुळाच्या अडती, कापडाची दुकानं, दिवसभर बैलगाड्यांची रीघ, आणि त्या सगळ्या धुळीत चाचांच्या दुकानापुढं आलं की माणूस आपोआप दोन पावलं हळू चालायचा. चाचा उंच, सडपातळ, दाढी मेंदीनं लाल केलेली. कानात कायम अत्तराचा फाया. त्यांच्या कानात असायचा ते असू दे, पण दुसऱ्याचा कान रिकामा दिसला की त्यांना राहवायचं नाही. बोलता बोलता तुमच्या कानात फाया कधी कोंबला जायचा ते तुम्हाला कळायचंही नाही. एकदा हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून, शाळेत लग्नाला आल्यासारखं येत जाऊ नका अशी समज दिली होती.

त्यांच्या नाकाच्या गोष्टी सगळ्या कोल्हापुरात सांगितल्या जायच्या. डोळे बांधून त्यांच्यापुढं पैलवान उभा केला की तो कुठल्या तालमीतला हे ते सांगायचे. प्रत्येक तालमीची माती वेगळी, कुणी ताक जास्त घालतं, कुणी तेल, कुणी हळद, असं त्यांचं शास्त्र होतं. एका पैलवानाला त्यांनी चारचौघांत सांगितलं की गड्या, तू दोन तालमींत जातोस. ते त्याच्या वस्तादाच्या कानावर गेलं आणि पुढं त्या बिचाऱ्याचं काय झालं ते विचारू नका. आमचा गवळी तर चाचांच्या दारावरून यायचंच टाळायचा. बोळातून लांबचा वळसा घालून मागल्या जिन्यानं वर यायचा आणि वर आमच्यावरच उपकार केल्यासारखा धापा टाकायचा.

'ज्याला वास न्हाय त्याच्यावर भरोसा न्हाय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस, फळ, कापड, औषध, सगळ्याला हीच कसोटी. आकड्यांना वास नसतो, त्यामुळं माझ्या गणिताविषयी त्यांना शेवटपर्यंत आदर वाटला नाही. तुम्ही भूगोल शिकवा की, म्हणायचे, त्याला निदान मातीचा तरी वास हाय. मी वर्षानुवर्षं त्रैराशिक शिकवलं, पण शेजारी माझी कीव करतो म्हटल्यावर माणसाचा उत्साह कमी होतोच.

अशा माणसानं मोटार घेतली. कुणी एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची जुनी मोटार विकायला निघाली. चाचा नुसती बघून येतो म्हणून गेले आणि ती घेऊनच आले. तेव्हा मोटारी असायच्या त्या राजवाड्यावर, सरदारांकडं, नाहीतर साहेबलोकांकडं. अत्तारानं मोटार घ्यावी हे पेठेला पचायला जरा वेळच लागला. पण चाचांचं कारण साधं होतं. जैनब ही त्यांची एकुलती मुलगी राधानगरीला दिलेली होती. बैलगाडीनं जायचं म्हणजे वाटेत मुक्काम आला, आणि दणके खाऊन हलिमाचाचींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कंबर धरायची. मोटारीला ते मोटार म्हणायचे नाहीत, घरची गाडी म्हणायचे. सगळं घर एका वेळी आत बसलं पाहिजे अशी त्यांची अट होती, आणि दाटीवाटीनं का होईना, बसायचं. दत्तू मिस्त्री म्हणून इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस गाडी चालवायलाही होता आणि बिघडली की उघडायलाही होता. दोन्हींतलं दुसरं काम त्याला जास्त पडायचं.

मोटारीतलं मागचं बाक बायकांचं. चाचींनी त्याला फुलाफुलांच्या चिटाचे पडदे लावून घेतले होते. बाकाखाली सामान ठेवायला पेटीसारखी जागा होती, पण त्या बाकाला परक्या पुरुषानं हात लावायचा नाही असा घरचा नियम होता. मिस्त्रीनं त्या मोटारीचा खिळा न् खिळा उपसून बघितला असेल, पण पडद्याच्या आत तो कधी डोकावला नाही. ती जनानी जागा, तिथं आपलं काय काम, असं म्हणून तो हातातला पाना मागं घ्यायचा.

त्या साली ऐन आषाढात जैनबला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण चाचा तिला आणायला जायच्या आधीच पोरगी मोकळी झाली. सांगावा आला त्या दिवशी चाचांनी पेठेत पेढे वाटले, दिसेल त्या कानात फाये कोंबले आणि घरच्यांना गाडीत घालून निघाले. राधानगरीकडचा पाऊस कसा असतो ते तिकडच्या लोकांनाच विचारावं. भोगावतीचं पाणी रस्त्यावर आलेलं. मंडळी काठावर मोटार उभी करून बराच वेळ पलीकडं बघत बसली आणि तशीच परत आली. त्यानंतर पाऊस हटेना आणि पाणी उतरेना. जैनबचं चाळिसाव्याचं न्हाण झालं, गणपती बसले, उठले, तरी आजोबांनी नातवाचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आता रस्ता मोकळा झाला होता, पण मोहरम तोंडावर आला होता. चांद दिसला की पंजे बसणार, आणि चाचा एकदा पंज्यापाशी बसले की त्यांना कुणी हलवू शकत नसे. तिकडं जैनबच्या सासरच्यांनीही कळवलं होतं की मोहरम लागल्यावर ते लेकुरवाळीला उंबऱ्याबाहेर पाठवणार नाहीत, पुढंही सवडीनंच बघू. म्हणजे चांद दिसायच्या आत जाऊन माय-लेकरांना घेऊन यायचं, नाहीतर थेट थंडीतच भेट. चाचांनी निघायचा दिवस पक्का केला. मलाही चला म्हणाले. रस्त्यात कुणी फौजदार आडवा आला तर बोलायला गाडीत एक शिकलेला माणूस असावा, असं त्यांना वाटायचं. सगळी तयारी झाली आणि निघायच्या आदल्या दिवशी मोटारीखाली थेंब पडायला लागले.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पडू देत की चार थेंब. पण चाचांनी शेडच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "माझा नातू ज्या गाडीत बसणार, तिच्यातनं काय गळतंय ते कळल्याबिगर गाडी जाग्यावरनं हलणार न्हाय." त्यांचंही खोटं नव्हतं. मोटारीच्या पोटात तीनच रस, ते बोटांवर मोजून सांगायचे. पाणी गळत असेल तर इंजिन तापणार, तेल गळत असेल तर गाडी रानात अडकणार, आणि पेट्रोल गळत असेल तर, असं म्हणून ते कानाच्या पाळ्यांना हात लावायचे आणि पुढचं बोलायचे नाहीत.

मग सुरू झाला तपास. पेठेला तेवढंच हवं होतं. गुळाचे अडते गिऱ्हाईक सोडून शेडमध्ये हजर. एकजण म्हणाला, मोटारीला रात्रीचा गारवा बाधतो, घाम येतो तिला. दुसऱ्याचं म्हणणं, दृष्ट लागली, मिरच्या ओवाळा. मी म्हटलं, अंदाज पुरे, जरा डोकं लावू. मोटारीखाली पांढरं मांजरपाट अंथरायला सांगितलं, चाकांच्या जागा खडूनं आखल्या आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बघतो तो मागल्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग. म्हणजे पाणी नाही आणि पेट्रोलही नाही, पेट्रोलचा डाग कुठं असा राहतो? तेलच असणार. पण मोटारीत तेल तीन ठिकाणी असतं, आणि कुठलं तेल हे काही माझ्या गणितात बसेना. सगळ्यांनी माना वळवल्या त्या चाचांच्या नाकाकडं.

चाचांची ती वास घ्यायची तऱ्हा बघण्यासारखी असायची. आधी करंगळी डागात बुडवायची. मग ती डाव्या मनगटावर घासायची. मग वाट बघायची, कारण अत्तर काय आणि तेल काय, अंगाला लागल्यावर जरा वेळानं खरं बोलतं. मग डोळे मिटून मनगट नाकाजवळ न्यायचं. तोवर शेडमध्ये कुणी खोकायचंही नाही. डोळे उघडून चाचा म्हणाले, हे मागच्या चाकांमधल्या गोळ्यातलं तेल. जुनं झालंय, जरा जळलंय. झालं, दत्तू मिस्त्री पाने घेऊन खाली शिरला. आम्हाला त्याचे फक्त पाय दिसायचे. त्यानं तो गोळा उघडला, सगळं तेल काढलं, चामड्याचा नवा वायसर घातला, नवं तेल भरलं आणि घामाघूम होऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी मांजरपाटावर डाग तिथल्या तिथं, वर थोडा मोठाच.

चाचांनी पुन्हा करंगळी बुडवली. या खेपेला निकाल निघाला तो गिअरच्या पेटीचा. मिस्त्रीनं पेटी उघडली. पेटी खडखडीत कोरडी, थेंब कुठंच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी चाचा म्हणाले, इंजिनाचं तेल दांड्यावरून ओघळत मागं येतंय. मिस्त्रीनं इंजिनाखालचे सगळे बोल्ट आवळले. डाग काही हटेना. आपणही एकदा वाकून वास घेऊन बघावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? नाक बोललं म्हणजे विषय संपला. खुद्द मिस्त्री घेऊ शकला असता, पण त्याच्या नाकात तपकिरीखेरीज दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

इकडं दिवस निघून चालले होते. राधानगरीहून एका गाडीवानाबरोबर निरोप आला की जैनब रोज दुपारी दारात येऊन उभी राहते. तो निरोप ऐकल्यावर चाचा दुकानात जाऊन बसले, पण गिऱ्हाइकाला गुलाब मागितला तर मोगरा काढून देत होते. कुणीतरी सुचवलं की बैलगाडी करून चला. त्यावर ते म्हणाले, दोन-अडीच महिन्यांच्या लेकराला मी त्या दणक्यांतनं आणू व्हय? आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन उकिडवे बसले. हलिमाचाचींनी रागानं शेडमध्ये चहा पाठवायचा बंद केला. त्याबरोबर पेठेतली निम्मी गर्दीही आपोआप पांगली.

मी मोटारीखाली शिरायचा शहाणपणा एकदा केला होता, त्यात माझं धोतर माखलं. बायकोनं ते सोडा घालून धुतलं, वाळत घातलं, मग पुन्हा काढून नाकाला लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही मोटारीखाली गेलता का गाण्याच्या बैठकीला?" मी म्हटलं, काय झालं? तिनं धोतर माझ्या तोंडावर धरलं. जितकं धुवावं तितका वास जास्तच सुटतोय, म्हणाली, मोटारीच्या तेलाला असला वास असतो व्हय? मी हुंगलं. हीना. चांगली, जुनी, भारी हीना, हिवाळ्यात सरदार लोक लावतात तसली. मला आधी काही उमगेना. चाचांच्या शेडमध्ये अत्तराचा वास येणं यात नवल ते काय, आम्ही सगळे तर त्यांच्यामुळं कायमच घमघमत असायचो. पण हा वास डागातून येत होता. म्हणजे गळत होतं ते तेल नव्हतंच, अत्तर होतं. सांगाड्यावरच्या काजळीतून झिरपत आल्यामुळं काळं पडलेलं.

काय सांगू, मला असा आनंद झाला की विचारू नका. मोठं नाक हरलं आणि गणिताचा मास्तर जिंकला. धोतर काखोटीला मारून मी जिना उतरलो, चाचांची चांगली फिरकी घ्यायची या बेतानं रस्ता ओलांडला आणि त्यांच्या पायरीवर पाय ठेवला. आणि तिथं माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. अत्तर होतं, तर चाचांनी ते रोज मनगटावर घासून हुंगलं होतं. हीना. त्यांच्या स्वतःच्या दुकानातली हीना. आणि ते गिअरचं तेल म्हणत होते. माझं हसू तिथंच थांबलं.

चाचा नमाजाला गेले होते. दाराच्या पडद्याआडून हलिमाचाचींनी विचारलं, मास्तर, काय आणलंय? मला थाप मारता येत नाही, बायको माझ्याविषयी एवढं एकच चांगलं बोलते. मी पडद्याच्या खालून धोतराचं टोक आत सरकवलं.

"ही आमची हीना," चाची म्हणाल्या. नातू झाला तेव्हा व्याह्यांकडं वाटायला म्हणून चाचांनी कातड्याची भरलेली कुप्पी बाकाखाली ठेवली होती. पुरातून मंडळी परत आली, कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं, कुप्पी तिथंच राहिली. मग त्यांनी हळूच विचारलं की चाचांनी त्या डागाचा वास घेतला होता का. मी हो म्हणालो. काय म्हणाले ते? मी ते सांगितलं.

"मास्तर, गेल्या सालच्या मानमोडीत त्यांचं नाक गेलं," चाची म्हणाल्या. "ताप उतरला, नाक काय परत आलं न्हाय. कुणाला म्हाईत न्हाय. जैनूला बी न्हाय."

मी पायरीवर बसलोच. त्या तापाच्या साथीत चाचा बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते, ते मला ठाऊक होतं. पण एवढं ठाऊक नव्हतं. चाचींनी सगळं सांगितलं. दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी चाचा कुप्या आणि बाटल्या घेऊन आत जायचे. चाची एकेक हुंगून सांगायच्या, हे उतरलंय, हे कडक हाय, ह्यातलं चंदन खोटं. तेच चाचा बाहेर येऊन, डोळे मिटून, मनगट घासून गिऱ्हाइकाला सांगायचे. वर्षभर कोल्हापूरचं नाक पडद्याआड बसलं होतं आणि आम्ही बाहेरच्या नाकाला मान देत होतो. मग मला एकेक आठवायला लागलं. डोळे बांधून पैलवान ओळखणं त्यांनी बंद केलं होतं, वय झालं म्हणायचे. आज तुमच्याकडं पावट्याची आमटी, असं मला ऐकवायचे, पण पावटेवाली तर आधी त्यांच्याच दारावरून यायची. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगू, त्या म्हाताऱ्याचं कौतुकही वाटलं. वासाशिवाय कशावर भरोसा नसलेला माणूस वर्षभर डोळे मिटून एका बाईच्या शब्दावर चालत होता.

आता पेच असा की सगळ्यांदेखत बाक उघडलं तर कुप्पी निघणार, आणि चाचांनी घरच्या हीनेला गिअरचं तेल म्हटल्याचं संध्याकाळपर्यंत रंकाळ्यापर्यंत पोचणार. मग अत्तर घ्यायला कोण येतंय त्यांच्याकडं? आणि नाही उघडलं तर डाग राहणार, मोटार हलणार नाही आणि चांद तर दोन-चार दिवसांवर आलेला. त्यातून बाकाला हात लावायचा अधिकार मला नाही, मिस्त्रीला नाही. मी डोकं खाजवत बसलो. चाची म्हणाल्या, उद्या जुम्मा हाय, तुम्ही निस्तं दारात उभं ऱ्हावा.

शुक्रवारी चाचा मशिदीत गेले. मिस्त्रीला मी तपकीर आणायला पिटाळलं, तोही आनंदानं गेला. चाची बुरखा घालून मागल्या दारानं शेडमध्ये आल्या आणि मी बाहेर पाठ करून पहारा द्यायला उभा राहिलो. कुणी अडत्या आलाच तर त्याला त्रैराशिकात गुंतवायचं असं ठरवलं होतं, पण मला बघून कुणी थांबलंच नाही. आत बाक उचलल्याचा आवाज झाला, आणि जो दर्प सुटला म्हणता, पाठमोरा असूनही माझं डोकं भणभणलं. कुप्पीची शिवण उंदरानं कुरतडली होती. चाची राखेनं पुसत होत्या, सोड्याचं पाणी फिरवत होत्या. पुसता पुसता त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "एवढा वास सुटलाय," म्हणाल्या, "आन् ह्या माणसाला..." आणि पुन्हा राख घासायला लागल्या. मी उरल्यासुरल्या अत्तराची कुप्पी कोटाखाली धरून रस्ता ओलांडला. आमच्या दोन खोल्या पुढं कितीतरी दिवस जहागीरदाराच्या दिवाणखान्यासारख्या दरवळत होत्या, आणि बायको तेवढे दिवस माझ्याशी फार गोड बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरपाट पांढरं स्वच्छ. चाचा त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, बघ, म्हंटलं न्हवतं, बोल्टच ढिले व्हते. मिस्त्रीला ते पटलं. इतके बोल्ट आवळल्यावर काहीतरी थांबणारच, अशी त्याचीही खात्री होती. पेठेनं माना डोलावल्या आणि नाकाचा एक नवा किस्सा गुळाच्या गाड्यांबरोबर गावोगाव गेला. तासाभरात मोटार भोंगा वाजवत निघाली. पुढं मिस्त्री आणि मी, मध्ये चाचा, मागं पडद्यात चाची आणि घरच्या बायका. भोगावती शहाण्यासारखी आपल्या पात्रातून वाहत होती. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. चाचा वाटभर पुढं वाकून रस्त्याकडं बघत होते. मिस्त्री तेवढा गाडीच्या आवाजावर गुणगुणत होता.

राधानगरीत पोचलो तेव्हा दारात जैनब उभीच होती. बायका आत गेल्या, रडणं झालं, हसणं झालं. जावईबापूंनी आम्हाला सोप्यात बसवलं, मिस्त्री आणि चाचा सामान उतरवून आले, आणि मग आतून नातवाला आणून आजोबांच्या मांडीवर दिलं. पोर झोपेतच होतं. जावईबापू मिस्त्रीला घेऊन मोटार दाखवायला शेजाऱ्यांकडं गेले. सोप्यात चाचा, पोर आणि मी, एवढेच उरलो.

चाचा खाली वाकले. त्या लेकराच्या टाळूवर त्यांनी नाक टेकवलं आणि तसेच राहिले. मी दुसरीकडं बघायला लागलो. कितीतरी वेळानं त्यांनी मान वर केली.

"मास्तर, बाकाखालची कुप्पी तुम्हीच काढलीसा न्हवं?"

मी हो म्हणालो. सामान उतरवताना कुप्पी काढायला म्हणून त्यांनी बाकाखाली हात घातला होता. हाताला ओल लागली, राख लागली आणि त्यांना सगळं कळलं. राख चाचींची, आणि कुप्पी गुपचूप बाहेर नेणारा समोरच्या माडीवरचा मीच असणार. ते रागावले नव्हते. लाज वाटली असेल तर तीही दाखवली नाही. त्यांनी आतल्या दाराकडं एकदा बघून घेतलं, मग पोराला दोन्ही हातांवर उचलून माझ्यापुढं धरलं.

"मग आता एवढं करा. ह्याचा वास कसा येतो ते सांगा मला."

मी वाकलो. आयुष्यात इतक्या मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण आपली अशी कधी कुणी घेतली नव्हती. मी म्हटलं, वेखंडाचा येतोय. चाचांनी मान हलवली. ते वरनं लावलेलं, म्हणाले, ते मला बघून बी कळतंय, त्याच्या खालचा सांगा. मी पुन्हा वाकलो. दुधाचा, म्हटलं, जरा आंबूस. "अजून खाली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला तो जेमतेम ऐकू आला.

मी डोळे मिटले. त्या इवल्याशा टाळूवर नाक टेकवलं आणि सावकाश श्वास घेतला.

"गरम भाताचा, चाचा," मी म्हणालो. "नुकताच चुलीवरून उतरवलाय आणि झाकण काढलंय, तसा."

चाचांनी पोराला छातीशी घेतलं, डोळे मिटले आणि नाकानं लांब श्वास ओढला.

"व्हय," ते म्हणाले. "जैनूच्या टाळूला बी असाच यायचा. ध्यानात हाय मला."